उंबराच्या फांद्या

वानराने अर्धवट खाऊन टाकलेलं पान उचलायचं, पदराला पुसायचं आणि चघळून बघायचं, ही आमच्या मालूआत्याची सवय. "पान तुरट आहे रे, पण देठ गोड. म्हणून पान टाकतात मेले!" असं ती ताजी बातमी द्यावी तसं सांगायची.

लांज्याजवळच्या गावात ती एकटी राहायची, परसातल्या भाजीवर. मागच्या डोंगरावरचं रान काजूसाठी तोडलं, तशी वानरं खाली येऊ लागली. तेव्हा मी, शहरात मांडवीला ब्लॉकमध्ये राहणारा शेतीतज्ज्ञ, म्हणालो, "विहिरीजवळचे उंबर तोडू. फळंच नसली तर येतील कशाला?" गावात उंबराला कुणी कुऱ्हाड लावत नाही, मी हौसेने बाहेरून माणूस आणला. पुढच्या रविवारी वानरं पडवळाच्या मांडवावर. उंबरं संपली, तशी ती वाल, पडवळ, शेवग्याचा पाला, सगळं खायला शिकली. आत्याच्या ताटात काही उरेना.

"चल आता माझ्याकडे राहायला," मी म्हणालो.

"तू गप बस, बाळ्या. मला आधी नीट बघू दे."

ती वर्षभर बघत राहिली. दुपारी कौलं तापलेली, गाव पेंगलेलं. पडवीत आत्या, गोठ्याच्या छपरावर एक वानरीण, दोघी सावकाश काहीतरी चघळताहेत. बाकावर मी, अर्धा झोपेत. आपण फार पूर्वीपासून इथेच बसलोय असं वाटायचं. डोळा लागतो न लागतो तोच आत्याचा आवाज यायचा, "नीरफणसाचे कोवळे देठ खायला लागलीत हो. पोरांना पण शिकवतायत!"

मग तिने स्वतःचंच खाणं बदललं. वानरं तोंड लावत नाहीत ते लावलं: सुरण, हळद, आलं, मिरच्या. आवाराच्या टोकाला उंबराच्या फांद्या रोवल्या. निघताना मला दर खेपेला सुरण. बायको म्हणायची, "वानरांना द्या की!"

"ती खात नाहीत गं."

काही वर्षांनी आत्या अंथरुणाला खिळली. मी भाड्याची गाडी घेऊन गेलो, तिची पिशवी भरली. ती पडवीत उशीला टेकून आवाराच्या टोकाकडे बघत होती. उंबरांना पहिली फळं धरली होती, आणि कळप फांद्यांत सावल्यांसारखा हलत होता. परसात एकही वानर नव्हतं.

"बघ, त्यांचं त्यांना मिळालं, ती आली नाहीत इकडे. माझं मला इथे मिळतंय. मी कशाला जाऊ?"

गाडी परत पाठवली. आठ दिवस तिच्या उशाशी बसलो. नवव्या दिवशी सकाळी, मी पेज भरवत असताना, ती गेली, तिच्याच पडवीत.