निकालानंतर पाहिलेली खिडकी

वेस्ट विंडसरला आमच्या शेजारी एक जर्मन बाई राहते. तिची आई गेली तेव्हा तिने वडिलांना इकडे अमेरिकेत आणलं. ते तिकडे सरकारी वकील होते. निवृत्त झाले तेव्हा अख्ख्या ऑफिसचे प्रमुख. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली. आरोपींना तुरुंगात धाडणारा माणूस रोज पलीकडे गुलाब छाटतोय म्हटल्यावर मला राहवेना. एकदा कुंपणापाशी विचारलंच, "किती केसेस जिंकलात?"

"आमच्याकडे जिंकणं नसतं," ते म्हणाले. "आरोपीच्या बाजूचा पुरावाही आम्हीच शोधायचा, असा कायदा आहे."

मला ते काही पटेना. माझी मुलगी इथेच एका काउंटीत सरकारी वकील आहे, नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालीत. रविवारी ती आली तेव्हा त्यांना चहाला बोलावलं. तिने थेट विचारलं, "पण आरोपीच्या बाजूचा पुरावा खरंच कधी शोधलायत, काका?"

त्यांनी कप खाली ठेवला. तरुण असताना त्यांनी एका शेतमजुरावर मालकाचं कोठार जाळल्याचा खटला भरला होता. मालकाच्या शेजारणीने आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला भरदुपारी कोठारातून बाहेर पडताना पाहिल्याची साक्ष दिली होती. शिक्षा झाली. निकालानंतरच्या रविवारी बायकोला घेऊन ते त्या बाजूला सहज फिरायला गेले आणि शेजारणीकडे डोकावले. खिडकीतून कोठाराचं दार दिसतच नव्हतं. मध्ये गोठ्याची भिंत होती, जुनी, शेवाळलेली.

"मग?"

"अपील केलं. त्याच्या बाजूने. आमच्याकडे सरकारी वकिलाला ते करता येतं."

"स्वतःच्याच केसवर? आणि बॉस?"

"आठवडाभर बोलला नाही. मग म्हणाला, चल, दाखव ती खिडकी."

वरच्या कोर्टात मजूर सुटला. तोवर सात महिने आत काढले होते त्याने. पुढे एकदा बेकरीत समोर आला. आभार नाही, शिवी नाही. एवढंच विचारलं, "आधी का नाही आलात?"

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"खरं ते. कागदावर सगळं नीट होतं, म्हणून गेलो नाही."

माझ्या मुलीने फोन उलटा करून ठेवला. त्यांच्याकडे केसची फाइल कशी असते, पोलिसांना पुन्हा तपासाला कसं पाठवतात, एकामागून एक विचारत सुटली. मी दुसऱ्यांदा चहा टाकला.