संदेशची भाषा

डोंबिवलीच्या योगिनीने कॉलेजच्या सेवा पथकात संदेशला आणलं, तेव्हा बाकीची पोरं कुरकुरली. त्याला ऐकू येत नव्हतं. "त्याला सगळं कोण समजावणार?" योगिनी म्हणाली, "आपणच शिकू ना त्याच्या खुणा." हळूहळू सगळे शिकले. शेवटच्या वर्षी तिने पथकाचं आपलं प्रमुखपद संदेशला दिलं. त्याने टिटवाळ्यात कर्णबधिर मुलांचा रविवारचा वर्ग उभा केला.

हिवाळ्यात काविळीने तो आठवड्याभरात गेला.

पदवीदानाला उत्कृष्ट स्वयंसेविकेचं बक्षीस योगिनीला मिळालं. स्टेजवर तिला शब्द सुचेनात, म्हणून ती खुणांनीच बोलली. कार्यक्रम संपल्यावर संदेशची आई, शेवंती काकू, तिच्याजवळ आल्या.

"काय बोललीस गं? मला त्याचं अर्धंच कळायचं. आता तरी शिकव."

पायरीवर बसून योगिनी एकेक खूण दाखवू लागली. पोटाशी मूठ पिळून म्हणाली, "हे म्हणजे दुखतंय."

काकूंचा चेहरा उतरला. "आजारात सारखं हेच करायचा. मला वाटलं, जेवण नको म्हणतोय."

योगिनीने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

कॉलेज सुटलं, तरी तिने संदेशचा वर्ग चालूच ठेवला. रविवारी आता मुलांबरोबर त्यांच्या आयाही शिकायला येतात. शेवंती काकू सगळ्यांच्या आधी येऊन बसतात. भराभर शिकतात. घरी मात्र त्यांच्याशी तसं बोलणारं कोणी उरलेलं नाही.