दिवा विझला म्हणजे

होक्काइदोतल्या आमच्या गावची कोळशाची खाण बंद पडली आणि त्याच खड्ड्यात शहाण्या लोकांनी लोखंडी डबे टाकायला सुरुवात केली. डब्यात एक ज्योत. डबा कोसळत असतो तेवढा वेळ आतली गरम हवा वर जातच नाही, ज्योत निळी आणि गोल होते. ती किती कमी प्राणवायूत तग धरते, हे तपासायचं. पडलेला डबा वर ओढायचं यंत्र मी आणि कुदो शिगेझो चालवायचो, दोघंही जुने खाणकामगार.

शिगेझो तोंडाचा फटकळ. पण धाकट्या भावाचा, तोकुजीचा विषय निघाला की एकच बोलायचा, "माझ्या हातातला दिवा विझला होता. पाणी सोडलं तेव्हा तो कधीच गेला होता."

आमच्या तरुणपणी खाणीला आग लागली आणि तोकुजी आत अडकला, तेव्हा बोगद्याच्या तोंडाशी जाळीचा दिवा घेऊन हाच गेला होता. दिवा विझला म्हणजे आत माणूस उरला नाही, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. त्याच्या शब्दावर तोकुजीच्या बायकोनं, कियोनं, संमतीच्या कागदावर शिक्का उठवला आणि मालकांनी आग विझवायला खाणीत पाणी सोडलं.

एकदा नाकाझातोबाई, शहरातून आलेल्या संशोधक, आमच्याबरोबर जेवायला बसल्या. शिगेझोनं चेष्टेनं विचारलं, "काय हो बाई, तुमची ज्योत माणसापेक्षा चिवट दिसते!"

"छे हो! पडताना जरा जास्त टिकते, एवढंच. इथे जमिनीवर तर आधी ज्योतच हार मानते. माणूस त्यानंतरही बराच तग धरतो."

शिगेझोच्या हातातला भाताचा गोळा तसाच राहिला. त्या बाईंचं तोंड दाबावं असं मला वाटलं. त्यांची तरी काय चूक म्हणा.

तो तसाच उठून कियोकडे निघाला. त्याला एकट्याला सोडवेना, म्हणून मीही गेलो. ती अंगणात मुळे खारवत होती. शिगेझो उभ्याउभ्याच म्हणाला, "कियो, दिवा विझला तरी माणूस जगतो गं. मी तुला चुकीचं सांगितलं."

तिनं हात पुसले. "ठाऊक आहे मला, भावजी. पाणी सोडलं तेव्हा मी खाणीत उतरणाऱ्या हवेच्या नळावर हात ठेवून बसले होते. आतून कुणीतरी ठोकत होतं. बराच वेळ."

"आणि मला बोलली नाहीस? इतकी वर्षं?"

"बोलले असते तर तुम्ही त्याच पाण्यात उडी घेतली असतीत. पोरं लहान होती, भावजी. तुमच्याशिवाय त्यांना भात कोण घालणार होतं?"