मार्बलवरचा गंज आणि माझं विज्ञान

निवृत्त झाल्यावर आम्ही कसबा बावड्यात नवा फ्लॅट घेतला. स्वयंपाकघरात पांढरा मार्बलच हवा, हा हट्ट माझा. आणि त्यावर पावसाळाभर ओल्या कोपऱ्यात जास्तीचा सिलिंडर ठेवण्याची अक्कलही माझीच. तो हलवला तेव्हा खाली गंजाचं लालसर कडं उमटलेलं होतं.

साबण झाला, सोडा झाला, टूथपेस्ट झाली. कडं हलेना. बायको भाचीच्या बाळाच्या बारशाला राधानगरीला निघाली तेव्हा दारातून बजावून गेली, "डागाला हात लावू नका. मी आल्यावर बघू."

आता, ज्यानं तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं त्याला असं बजावायचं म्हणजे अपमानच की. तिची गाडी सुटली असेल-नसेल, मी संडास धुवायच्या ॲसिडची बाटली घेऊन गुडघ्यांवर बसलो. हातात मोजे, नाकाला रुमाल, खिडक्या उघड्या. मुलांना सांगायचो ती सगळी खबरदारी घेतली. ॲसिड कशावर ओततोय, एवढं बघायचं तेवढं राहिलं.

फरशी फसफसली. गंज सुटतोय म्हणून मी खूश होऊन आणखी ओतलं. भरपूर फेस आल्यावर डोक्यात उजेड पडला. संगमरवर, आम्ल, बुडबुडे! दरवर्षी हेच समीकरण मी फळ्यावर लिहीत होतो. विरघळत होती ती फरशी. घाईघाईनं बादल्या ओतल्या. कडं पुसट झालं होतं खरं, पण आता तिथं परातीएवढा खरखरीत, निस्तेज चट्टा होता.

मी त्यावर पायपुसणं टाकलं. सिंकपुढं नाही, दारात नाही, भिंतीच्या कोपऱ्यात. तीन दिवस मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. चौथ्या दिवशी बायको आली आणि पिशवी हातात असतानाच म्हणाली, "हितं कोण पाय पुसतंय?" अंगठ्यानं तिनं पायपुसणं बाजूला सारलं.

ती चिडणार म्हणून मी खुलासा तयार ठेवला होता. ती खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. चिडली असती तर परवडलं असतं.

दोन दिवसांनी पॉलिशवाला आला. चाळिशीचा, धिप्पाड गडी. चट्ट्यावरून बोट फिरवत म्हणाला, "ॲसिड कुणी वतलं हो, पावणं?"

"बिल्डरच्या माणसांनी सांडलं असेल," मी म्हणालो.

त्यानं मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं. "सर न्हवं तुम्ही? मागच्या बाकावर हुतो मी. ह्येच समीकरण जमलं न्हाय म्हणून वर्गाभाईर उभा केलतासा मला."

"मग आता ह्यांना करा की भाईर उभं!" बायको ओट्यापासून ओरडली.

"मीच ओतलं," मी म्हणालो.

"व्हय सर, कळलं." त्यानं पाण्याची नळी माझ्या हातात दिली. "एवढं धरा."

दुपारपर्यंत तो मशीन फिरवत राहिला आणि तो सांगेल तिथं मी पाणी सोडत राहिलो. दोनदा चुकलो, तेव्हा "सर, ध्यान द्या" असंही ऐकून घेतलं. फरशी चकाकली. तिरक्या उजेडात बघितलं तर अजून थोडा खळगा दिसतो.

निघताना तो वाकून माझ्या पाया पडला. माझे पाय घोट्यापर्यंत पॉलिशच्या पांढऱ्या राड्यानं माखले होते.