भांडाराची दुसरी प्रत

नंदाताईंशी भांडून कुणी सुखाने घरी गेलं, असं कर्जत-खालापुरात कुणाला आठवत नाही. कशेळ्याकडची शेतकऱ्याची पोर कर्जतच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाली, आणि ग्रंथालयात मोठ्याने बोलायचा हक्क तिने फक्त स्वतःकडे ठेवला. प्राध्यापक वचकून असत. असायलाच हवं होतं. निम्म्यांनी पुस्तकं वर्षानुवर्षं घरी दाबून ठेवलेली.

त्यांच्याच हट्टाने ‘भांडार’ उभं राहिलं. खोपोलीपासून कशेळ्यापर्यंतच्या कॉलेजांनी आपापले प्रबंध आणि वाड्यांवरच्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती इंटरनेटवर एकाच ठिकाणी ठेवायच्या. कुणीही फुकट वाचाव्यात, ऐकाव्यात. ते चालवणारी सॉफ्टवेअर प्रणालीही फुकटची, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. कॉम्प्युटरचं सगळं शिळफाट्याचा नवनाथ बघायचा, आणि भांडार त्याच्याच नावावर नोंदवलेलं. रीतसर कागद करू या, असं एकदा कुणी म्हणालं, तर ताईंनी त्याला उडवून लावलं.

“गावकीची भांडी काय कागदावर ऱ्हातात? एकाच्या घरी ऱ्हातात. ज्याच्याकडं लगीन, त्यानं न्यायची, घासून परत आणायची. ठेवणारा नाय म्हनला, तर गाव त्याच्या दारात थुंकंल.”

नवनाथ नाही म्हणालाच नाही. त्याने आख्खं भांडारच एका कंपनीच्या हवाली केलं आणि स्वतः तिथे चांगल्या पगारावर जाऊन बसला. गाव थुंकलं, पण तोवर त्याने पुण्यात बिऱ्हाड केलं होतं.

“मेल्या, कुणाला इचारलंस?” ताईंनी फोनवर फैलावर घेतलं.

“ताई, दार उघडंच हाय की. अजूनबी फुकटच वाचा.”

वाचायला फुकट होतं, हे खरं. पण काय ठेवायचं नि काय काढायचं, ते आता कंपनी ठरवणार होती. तिने वाड्यांवरच्या मुलाखती काढून टाकल्या. कुणी ऐकत नाही, उगाच जागा खातात, असं कळवलं, आणि कळवलं तेही काढून टाकल्यावर.

त्यात धाऊबाबा होते. ठाकरवाडीतल्या या म्हाताऱ्याला रानातल्या औषधांची जितकी माहिती होती, तितकी दुसऱ्या कुणालाच नव्हती. त्याच वाडीतल्या चिंधीने, संशोधन करणाऱ्या मुलीने, महिनोन्‌महिने बसून त्यांना बोलतं केलं होतं. धाऊबाबा आता नाहीत. ज्यावर मुलाखत घेतली, तो चिंधीचा फोन ओढ्यात गेलेला. तो आवाज फक्त भांडारात उरला होता.

ताईंनी कशेळ्यात सगळ्यांची बैठक बोलावली. चिंधी आली, नवनाथही आला. ताईंनी तोंडाचा पट्टा सोडला, तसं त्याचंही डोकं फिरलं.

“मी चोर, बरं! पन भांडाराची आख्खी कॉपी न्यायची सोय मी पयल्यापासून उघडी ठेवली व्हती. एकानं जरी नेली असती, तरी कंपनी गेली असती उडत. हीच प्रणाली घेऊन दुसरीकडं मांडलं असतं तुमी. एवढ्या कॉलेजांतून एकानंबी का नाय नेली?”

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. गरजेपुरती भांडी नेतो तो गावकरी. सगळीच्या सगळी उचलतो तो गावकी फोडायला निघालेला. त्याच्या मयतालाही मग कुणी जात नाही. पितळेच्या टोपाला ही रीत ठीक आहे, एक टोप दोन घरी राहत नाही. भांडाराची प्रत नेल्याने मूळचं काहीच उणं होत नव्हतं. एवढी साधी गोष्ट या शिकल्यासवरल्या लोकांच्या टाळक्यात शिरली नव्हती.

“कुणी मागितलीच नाय, तर...” ताई म्हणाल्या.

“मी मागितली व्हती,” चिंधी म्हणाली. “वाडीत नेट नाय, म्हनून हार्डडिस्क घेऊन तुमच्या ग्रंथालयात आले व्हते. तुमी सगळ्यांच्या म्होरं म्हनलात, गावकी फोडायला निघालीस काय गं?”

ताईंना आठवत होतं. पोरगी डिस्क पिशवीत घालून निमूट परत गेली होती आणि त्या स्वतः हसल्या होत्या, तेही आठवत होतं.

“अगं, लपूनछपून तरी न्यायचीस,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही.

“सगळ्यांसाठी उघडं हाय म्हनता, मग मी लपून कशाला न्यावी?” चिंधी उठली. “तुमी नको म्हनलात, म्हनून नाय नेली.”

ती निघून गेली. त्यानंतर नवनाथला शिव्या द्यायचं कुणालाच सुचलं नाही.