सहकुटुंब, सहपरिवार हॅकाथॉन

जगातल्या कुठल्याही अडचणीवर माझ्या साडूंकडे एकच उपाय आहे आणि तो म्हणजे मांडव घालणे. अमरावतीत त्यांचं बिछायत केंद्र आहे. लग्न, मुंज, तेरवी, सत्कार, काहीही असो, चार माणसं एका ठिकाणी बसवली आणि त्यांना पोटभर जेवू घातलं की प्रश्न मिटतो, असा त्यांचा ठाम विश्वास. मागे माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा भेटायला येणाऱ्यांना ऊन लागू नये म्हणून त्यांनी मला न विचारता घरासमोर पांढरा मांडव घातला आणि खुर्च्या मांडल्या. मांडव पाहून गल्लीतले दोघे खांद्यावर उपरणं टाकून, चपला फाटकाबाहेर काढून, खाली मान घालून आले. मी आतून "या, बसा" म्हटलं, तेव्हा त्यातल्या एकाला दरदरून घाम फुटला. साडूंना याचं काही वाटलं नाही. त्यांनी दोघांना चहा पाजला आणि वर मलाच सांगितलं, की पाहा भाऊ, तुमच्यासाठी किती लोक हळहळतात हे जिवंतपणी कळायला नशीब लागतं.

अशा या माणसाचं एकच माणूस ऐकत नाही, ती त्यांची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. आई लवकर गेल्यावर तिनेच यांना वाढवलं. ती अंजनगाव सुर्जीला एकटी राहते. काळ्या जमिनीच्या लहानशा तुकड्यात झेंडू लावते आणि स्वतः बाजारात नेऊन विकते. तिला बीपीची गोळी आहे, साखरेची आहे. अक्षरओळख नसल्यामुळे ती गोळ्या पाकिटाच्या रंगावरून घ्यायची. एकदा कंपनीने रंग बदलला आणि आक्का चक्कर येऊन भर झेंडूत पडली. डॉक्टरांनी साडूंना बजावलं, की असं पुन्हा झालं तर मी जबाबदार नाही, हिला एकटं ठेवू नका. आक्काला अमरावतीला आणायचं ठरलं. आक्का म्हणाली, "तुया मांडवात मी खांब होऊन उभी राहू काय?" विषय संपला. तेव्हापासून साडू गोळीच्या वेळेला फोन करायचे. पण लग्नसराईत बॅन्ड वाजत असला की वेळ चुकायची आणि मग हा धिप्पाड माणूस अक्षता पडत असताना कोपऱ्यात कावराबावरा होऊन उभा दिसायचा.

अशातच काही तरुण डॉक्टर आणि संगणकवाली मुलं-मुली त्यांच्याकडे खुर्च्या ठरवायला आली. हॅकाथॉन करायचं होतं. म्हणजे डॉक्टर, नर्सबाया आणि प्रोग्रॅम लिहिणारे एकत्र बसणार, आजाऱ्यांची एखादी अडचण निवडणार आणि तिच्यावर बसल्या बैठकीला काहीतरी तयार करून दाखवणार. सगळे आपल्या खुशीने, फुकट. "म्हंजे डोक्याचं श्रमदान," साडू म्हणाले, आणि लगेच आपली आक्काची अडचण त्यांच्यासमोर मांडली. मुलं आली होती खुर्च्यांसाठी, परत गेली ती मुख्य आयोजक घेऊन. हॅकाथॉन रात्रभर चालतं म्हणताच साडूंनी ते मोडीत काढलं. रात्रभर जागायला घरी काय गोंधळ घातलाय, असं विचारून त्यांनी रविवारचा दिवस धरला.

पत्रिकाही त्यांनीच छापली. मजकूर असा: "आमचे येथे श्रीकृपेकरून आरोग्य हॅकाथॉन करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार येऊन कार्यास शोभा आणावी. आहेर आणू नये. लॅपटॉप आणावा." मी म्हटलं, अहो, हे सहकुटुंब काढा, कामाची माणसं तेवढी बोलवा. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. घरच्यांना वगळून आमंत्रण देणं म्हणजे अपमान, आणि असला अपमान आमच्या घराण्यात कोणी केला नाही, म्हणाले.

आणि लोक खरंच सहकुटुंब आले. अकोल्याची एक प्रोग्रॅमर मुलगी आई आणि आत्याला घेऊन उतरली. बाळापूरच्या नर्सबाई सासूला घेऊन आल्या. एका डॉक्टरांच्या आजी तर नऊवारी शालू नेसून आल्या आणि नवरी कुठाय म्हणून विचारत हिंडल्या. पत्रिका गेली म्हणून आक्कासुद्धा आली. एरवी दवाखान्यासाठी बोलावलं तर येत नाही, पण पत्रिकेचा मान ती मोडत नाही. सकाळी मुलांनी झपाट्याने कामं केली. दुपारी साडूंनी रोडगे, वरण, वांग्याची भाजी आणि वरून तुपाची धार असं जेवण घातलं आणि आग्रह करकरून वाढलं. पुढे जे व्हायचं तेच झालं. वऱ्हाडातली सगळी बुद्धी सतरंजीवर घोरत पडली. मी कपाळाला हात लावला. साडू मात्र खुशीत होते, जेवण बाधलं नाही म्हणून.

जागी होती ती म्हातारी मंडळी आणि अकोल्याची ती मुलगी. तिचा उपास होता, म्हणून ती वाचली. तिने गोळ्यांचा एक डबा केला होता. वेळ झाली की योग्य कप्प्यात दिवा लागायचा आणि डबा बोलायचा. तिने तो म्हाताऱ्यांपुढे ठेवला. डबा गोड आवाजात म्हणाला, "कृपया आपले दुपारचे औषध घ्यावे." एकही बाई हलली नाही. आक्का डब्याकडे संशयाने पाहत म्हणाली, "हे बाई कोन होय? एवढ्या अदबीनं त माह्याशी कोनी बोलत नाही. काही विकाले आली असन."

मुलीचा चेहरा उतरला. तेवढ्यात पलीकडून, हातात वरणाची बादली घेतलेले साडू ओरडले, "आक्का, गोळी घेतली काय? काहून नाही घेतली?" आणि आक्काचा हात आपोआप पिशवीत गेला. "घेतो ना बाबू," ती म्हणाली.

मुलीने ते पाहिलं आणि साडूंची बादली काढून घेऊन त्यांना फोनसमोर बसवलं. रेकॉर्ड करायचं म्हटल्यावर ते घसा खाकरून लग्नातल्या माइकवरचं बोलायला लागले, समस्त मंडळींना विनंती वगैरे. शेवटी आक्कालाच समोर बसवलं, तेव्हा कुठे आवाज खरा आला. बक्षीस दुसऱ्याच गटाला मिळालं. साडूंनी मात्र प्रत्येकाला टॉवेल, टोपी आणि नारळ दिला, आणि त्या मुलीला लेकीसारखी ओटी भरून वाटेला लावलं.

आता आक्का अंजनगावलाच आहे. गावच्या आरोग्याचं पाहणाऱ्या आशाताई डबा भरून जातात आणि गोळी चुकत नाही. डॉक्टरसुद्धा पुन्हा काही बोलले नाहीत. मध्यंतरी मी साडूंबरोबर तिकडे गेलो होतो. आम्ही दारात पोचलो तेव्हा आतून साडूंचाच आवाज आला, "आक्का, गोळी घेतली काय?" आणि आक्का डब्याशी बोलत होती. घेतली रे, म्हणत होती. झेंडूला यंदा भाव नाही, गुडघा दुखून राहिला, तू जेवला काय? डबा गप्प होता. साडू उंबऱ्यापाशी तसेच उभे राहिले.

परतताना गाडीत ते एवढंच म्हणाले, "भाऊ, डबा विचारते बरोबर. पन तिचं ऐकाले तिथं कोनी नाही ना."

आता लग्न कितीही मोठं असो, डब्याची वेळ झाली की साडू मांडवाच्या कनातीमागे जातात, एका कानात बोट घालतात, दुसऱ्याला फोन लावतात आणि बॅन्डच्या वरताण ओरडतात, "हां आक्का, आता सांग, काय म्हनत होती तू?"