पाहुण्यांच्या बंदुका

हवालदार अल्बन क्वाशीने बुधवारी सकाळी एका माणसाची बंदूक दुसऱ्याच माणसाला देऊन टाकली, वहीत सही घेतली, टोपी सरळ केली आणि "सुखरूप जा" असा आशीर्वादही दिला. चूक कळली ती दुपारी, जेवणानंतर. कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटाच्या पोलिस ठाण्यात बहुतेक गोष्टी जेवणानंतरच कळतात.

ठाण्यातलं एक लोखंडी कपाट एकवीस वर्षं क्वाशीच्या ताब्यात होतं. शिडाच्या बोटी घेऊन जगभर हिंडणारे हौशी लोक बेटावर आले की बोटीवरची बंदूक त्यांनी ठाण्यात जमा करायची आणि निघताना परत न्यायची, असा कायदा. क्वाशीला या कायद्याची भारी गंमत वाटे. तो म्हणायचा, "चोरी होते ती बंदरात. रात्री छोटी होडी सुटते, इंजिन जातं. तेव्हा साहेबांची बंदूक माझ्या कपाटात. बाहेर खुल्या समुद्रात भेटतात मासे. त्यांना गळ पुरतो."

हे लोक बंदरावरच्या गुत्त्यात बसून तासन्‌तास वाद घालत. चाचे आले तर काय त्यांना चहा पाजायचा, असं एक जण विचारी. दुसरा म्हणे, तुझी एक बंदूक बघून ते त्यांच्या पाच काढतील. दक्षिणेला त्रिनिदादच्या वाटेवर कुणाला लुटल्याची बातमी आली की वादाला आणखी चार बाटल्या लागत. क्वाशी कोपऱ्यात भाजलेला मका खात ऐके. कुणाच्या नळीत काय आहे ते एकट्या त्याला ठाऊक. ज्याच्या बंदुकीवर सगळ्यांत जास्त गंज, त्याचा आवाज सगळ्यांत मोठा, हा त्याचा एकवीस वर्षांचा अभ्यास होता. एकाच्या नळीत तर कोळ्याने जाळं विणून अंडी घातली होती.

असा हा अभ्यासू माणूस त्या बुधवारी चुकला. दोन बंदुका, दोन्हींना हिरव्या कापडाच्या पिशव्या. बारा बोरची, म्हणजे रुंद नळीची, इंग्लंडच्या क्लाइव बॅसेटची. वीस बोरची, अरुंद नळीची, एका डच म्हाताऱ्याची, जो अजून बंदरातच होता. क्वाशीने काडतुसांचा डबा बॅसेटचाच दिला, पिशवी मात्र डचाची. बॅसेटने पिशवी उघडून पाहिली नाही. माणूस छत्रीसुद्धा उघडून बघतो! पण बॅसेट आयुष्यभर लोकांचे दात उपटून आता समुद्राचे उपटायला निघाला होता. आदल्याच संध्याकाळी गुत्त्यात त्याने "मी तर आधी गोळी घालीन, मग नाव विचारीन" असं टेबल बडवून सांगितलं होतं. बोटीचं नाव होतं 'मनःशांती'.

शुक्रवारी ग्रेनाडाहून इन्स्पेक्टर कपाट तपासायला येणार होता. क्वाशीच्या निवृत्तीला तीन महिने उरलेले. बंदुकीचा घोळ वहीत गेला, की पेन्शन गेलीच म्हणायची. वरिष्ठांना सांगायची छाती नव्हती. त्याने बारा बोरची पिशवी काखेत मारली, घरी जाऊन गणवेश उतरवला आणि बायकोच्या भावाला, कॉस्नेलला गाठलं. कॉस्नेल मासेमारी करायचा आणि उरलेल्या वेळात विंडवर्ड गावच्या किनाऱ्यावर स्वतःची नवी होडी बांधायचा.

"दाजी, कपाटाच्या किल्ल्या एकवीस वर्षं कमरेला मिरवल्या, आणि शेवटी हे?" कॉस्नेल म्हणाला.

"तोंड बंद ठेव आणि इंजिन चालू कर."

"इंजिन चालू करतो. तोंडाचा भाव वेगळा."

लांबुळकी उघडी होडी, मागे दणकट इंजिन. तासाभरात दक्षिणेला पांढरं शीड दिसलं. उन्हाचा तडाखा आणि तोंडावर खारे फवारे, म्हणून क्वाशीने डोक्याला नि तोंडाला टॉवेल गुंडाळला होता. आपण कसे दिसतो हे त्याच्या गावीही नव्हतं. दोन काळी माणसं, वेगात येणारी होडी, एकाचं तोंड झाकलेलं, आणि काखेत लांबट पिशवी. बॅसेटच्या सगळ्या वादविवादांना जणू फळ आलं.

तो ओरडत खाली गेला, बंदूक घेऊन वर आला आणि काडतूस भरू लागला. काडतूस जाईना. त्याने ढकललं, तळव्याने ठोकलं, दुसरं काढलं.

होडी वीस हातांवर आली होती. क्वाशीच्या जिभेवर एकवीस वर्षांची सवय आली. "अहो साहेब, ती काडतुसं त्यात जायची नाहीत! ती वीस बोरची आहे!"

"दाजी," कॉस्नेल तळाशी आडवा होत किंचाळला, "त्याला शिकवता काय!"

"टॉवेल काढा आधी!" हे बॅसेटची बायको हेझेल म्हणाली. ती हातात कांदा सोलायची सुरी घेऊन वर आली होती. क्वाशीने टॉवेल काढला. "क्लाइव, हे ठाण्यातले हवालदार आहेत. सकाळी तू यांच्याकडेच सही केलीस."

बॅसेटने बंदूक खाली केली, पण मान नाही. "गणवेश का नाही? आणि पोलिसच चुकीची बंदूक देतात? माझा जीव गेला असता!"

"तुमचा?" कॉस्नेलने विचारलं.

"बघा ना, खरे चाचे असते तर? म्हणूनच म्हणतो, बोटीवर बंदूक हवीच!"

याच माणसाच्या हातात आता बसतील त्या काडतुसांची बंदूक द्यायची होती. कायदा तसाच होता, आणि पेन्शनही त्याच कायद्याची. क्वाशीने आधी वीस बोरची ताब्यात घेतली, मग बारा बोरची पिशवी पुढे केली. बॅसेटकडे नाही, हेझेलकडे.

"बाई, हे तुम्ही सांभाळा."

"बटाट्यांच्या पोत्याखाली ठेवते," ती म्हणाली. "तिथे हा कधी हात घालत नाही."

शुक्रवारी इन्स्पेक्टरने बंदुका मोजल्या, क्रमांक ताडले, चहा घेतला, भाजलेला मासा घेतला आणि शेरा लिहिला, 'समाधानकारक'. तीन महिन्यांनी क्वाशी रीतसर निवृत्त झाला. निरोपाच्या भाषणात वरिष्ठ म्हणाले की यांच्या हातून कधी एक गोळीसुद्धा सुटली नाही. ते खरंच होतं.

कॉस्नेलने तोंडाचा भाव परतीच्या वाटेवरच सांगून टाकला होता. त्याच्या नव्या होडीच्या फळ्या ठोकायला दाजींनी दोन दिवस यायचं. क्वाशीचा बाप होड्या बांधणारा. फळी वाकवायचा हात घराण्यातच होता. क्वाशीने समुद्राच्या मधोमध, देवाची शपथ घेऊन, हो म्हटलं.

होडीची उजवी बाजू फळ्यांनी केव्हाच झाकली गेली. डाव्या बाजूला नुसत्या फासळ्या आहेत, आणि त्यांत कोंबड्या बसतात. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर कॉस्नेल सगळ्यांदेखत विचारतो, "दाजी, कधी येताय?"

"गुडघा धरलाय रे," क्वाशी म्हणतो.

"त्या दिवशी होडीत उडी मारताना नव्हता धरला."

"पुढच्या आठवड्यात बघू," असं म्हणून क्वाशी बायकोच्या आडून बाहेर पडतो. विंडवर्डच्या रस्त्याने जायचं त्याने हल्ली सोडलंय.